कपाळावरची वेळ

बाहुलीच्या कपाळावर काळ्या शाईने काहीतरी लिहिले होते. करुणाने ते पाहिले आणि दुधाचा पेला ओट्यावर ठेवायचे विसरून ती तो हातात धरून तशीच उभी राहिली. लिहिले होते म्हणजे फार काही नाही. एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर एक आडवी, आणि पुढे आकड्यांसारखे दोन-तीन आकार. पाच वर्षांच्या छकुलीने आईच्या एप्रनच्या खिशातला मार्कर काढला होता आणि आई आजीला सांगत असताना जे तिच्या कानांवर पडले होते, ते इमानेइतबारे करून पाहिले होते. "पेशंट आहे ती," छकुली म्हणाली, "तिचा पाय कापलाय. मी वेळ लिहिली." बाहुलीच्या मांडीला केसांची रिबीन करकचून आवळलेली होती. करुणाला हसू यायला हवे होते. त्याऐवजी तिने फडके ओले केले आणि बाहुलीचे कपाळ पुसायला घेतले. शाई हलेना. तिने जोर लावला, तशी रबराची ती गुळगुळीत कातडी तिच्या बोटाखाली करकरली, पण शाई होती तिथेच राहिली. शेवटी खोबरेल तेलाचे बोट फिरवल्यावर काळे पसरले, फिकट झाले आणि गेले. इतके घासावे लागते तर, ती स्वतःशी म्हणाली. म्हणजे त्या पेशंटच्या कपाळावरचे घामाने गेले नव्हते, चादरीला लागूनही गेले नव्हते. चालत्या रुग्णवाहिकेत कोणीतरी ते ठरवून, बळ लावून काढले होते. हे तिला अकरा दिवसांपूर्वीच ठाऊक झाले होते. पण डोक्याला ठाऊक असणे निराळे आणि बोटाला कळणे निराळे. आज ते बोटाला कळले, आणि अकरा दिवस तिच्या छातीत मुकाट बसून असलेले काहीतरी अंग झटकून उठले.

नोटीस फ्रिजच्या दारावर, छकुलीच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी, चुंबकाखाली लावलेली होती. ताईबाईने, करुणाच्या आईने, ती तिथे लावायला विरोध केला होता: असली पत्रे पेटीत ठेवावीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू नयेत. करुणाने ऐकले नव्हते. ज्या कागदाची लाज वाटत नाही तो लपवायचा कशाला? रोज पाण्याची बाटली काढताना ती तो वाचत असे, आणि आता तो तिला पाठ झाला होता. मौजे निरवांगी येथील रुग्णाच्या मांडीस रक्तस्राव रोखण्यासाठी बांधलेल्या पट्ट्याची वेळ नोंदविण्यात आपणाकडून कसूर झाली, तसेच रुग्णाच्या सुस्थितीतील पायाच्या हाडास विनाकारण छिद्र पाडण्यात आले, अशी नातेवाइकांची तक्रार असून त्याबाबत आपला लेखी खुलासा अमुक तारखेस सायंकाळी पाच वाजेपर्यंत सादर करावा. अमुक तारीख म्हणजे आज. सकाळी साडेसातलाच विजयसिंहांचा फोन येऊन गेला होता. करुणा ज्या रुग्णवाहिका-सेवेत डॉक्टर होती तिचा या भागातला कारभार ते पाहत; माणूस वाईट नव्हता, फक्त वाद नावाच्या गोष्टीला तो विंचवासारखा भीत असे. "मॅडम, दोन ओळींचं काम आहे," ते म्हणाले होते. "अनवधानाने वेळ नोंदवायची राहिली, यापुढे दक्षता घेईन. बस. फाईल बंद. मार्चमध्ये तुमचा करार नवा व्हायचाय. आणि ती मंडळी कारखान्याची सभासद, चार ठिकाणी ऊठबस असलेली. उगाच कशाला ताणायचं?" अनवधानाने. शब्द किती मऊ होता. अंगाखाली घ्यावा आणि झोपी जावे असा.

पण अवधान तर होते. त्या सकाळचे तिला जितके अवधान होते तितके तिच्या स्वतःच्या लग्नातही नव्हते. नोव्हेंबरातली सकाळ, उसाच्या फडांवर अजून दहिवर, आणि निरवांगीच्या शिवारात नुकतेच फिरवलेले एक रान. ट्रॅक्टरमागे फिरणाऱ्या पात्यांचा रूळ असतो, रोटाव्हेटर. त्यात पाचट अडकले म्हणजे यंत्र बंद करून, खाली उतरून ते हाताने काढायचे असते. तसे कोणीही करत नाही. सगळे यंत्र चालू ठेवूनच लाथेने पाचट ढकलतात, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही. भीमाने, एकोणतीस वर्षांच्या त्या आडमाप अंगाच्या तरुणाने, शंभरावी लाथ मारली होती. करुणा गाडीतून उतरून सरीवरंब्यातून धावली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसली ती हळद. कोणीतरी ओंजळभर हळद जखमेवर ओतली होती आणि पोटरीला बैलाचा कासरा बांधला होता. हळदीचा चिखल होऊन तो कासऱ्याखालून संथपणे वाहत होता. मातीवर मात्र रक्त दिसत नव्हते. भुसभुशीत, ताज्या फिरवलेल्या त्या मातीने ते सारे पिऊन टाकले होते, आणि त्यामुळे किती गेले, किती उरले, याचा काहीच अदमास लागत नव्हता. फरशीवरचे रक्त सांगते, डांबरावरचे सांगते. रानातले सांगत नाही. भीमाचे ओठ पांढरे होते आणि तो सारखा म्हणत होता, "ट्रॅक्टर बंद करा रं, डिझेल जळतंय." ट्रॅक्टर केव्हाच बंद झाला होता.

तिने आपला गुडघा त्याच्या जांघेत रोवला, सगळे वजन त्यावर टाकले, आणि मागे न पाहता हात पसरला. सावळारामने, गाडीच्या चालकाने, पट्टा तिच्या हातात दिला. सहा वर्षांत त्या दोघांना एकमेकांशी बोलावे लागत नसे. गुडघ्याच्या वर चार बोटे पट्टा बसवला, खेचला, आणि त्यातली दांडी पिळायला घेतली. एक पीळ, दोन पीळ. तिसऱ्या पिळाला भीमा असा ओरडला की बांधावरच्या बायका पाठ फिरवून उभ्या राहिल्या. आणि त्याच पिळाला रक्त थांबले. ते थांबते तेव्हा एक विलक्षण शांतता येते, मोटार बंद पडल्यावर विहिरीवर येते तशी. तिने दांडी अडकवली, घड्याळ पाहिले, खिशातला मार्कर दातांनी उघडला आणि त्याच्या कपाळावरचा घाम बाहीने टिपून तिथे लिहिले: टी, आणि पुढे सात अडतीस. टी म्हणजे टूर्निकेट, हा आवळलेला पट्टा. कपाळच का, असे नोटिशीने विचारले नव्हते; विचारायला हवे होते. कारण कागद गाडीत राहतो. कागद रक्ताने चिकटतो, वाऱ्याने उडतो, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मागे पडतो. माणूस मात्र हातोहात आत जातो आणि त्याचे कपाळ त्याच्याबरोबर जाते. तिथे जो कोणी त्याच्यावर वाकेल त्याला पहिली गोष्ट दिसावी ती ही, की या पायाला रक्त मिळत नाही ते नेमके केव्हापासून.

"आई, तिच्या कपाळाला लाल झालंय," छकुली म्हणाली. तेलाने काळे गेले होते, पण घासून घासून रबर तांबूस झाले होते. करुणाने बाहुली परत दिली. बारामतीच्या त्या रुग्णालयाच्या दारात भीमाला उतरवून देताना तिने त्याच्या कपाळावर अगदी असाच एक तांबूस, सोललेला पट्टा पाहिला होता. शाईचा मागमूस नव्हता. तिने तिथल्या माणसाला तोंडाने वेळ सांगितली होती, दोनदा सांगितली होती, "सात अडतीस, सात अडतीस". पण तोपर्यंत स्ट्रेचर वळले होते, दुसऱ्याच कोणीतरी ते पुढे नेले, आणि तिचे शब्द त्या लोटदारावर आपटून परत आले. गाडीचा फॉर्म तिने नंतर, हात धुऊन, भरून दिला. नंतर भरलेला फॉर्म म्हणजे नंतर सुचलेली वेळ, असे तिथले म्हणणे पडले. संध्याकाळी शल्यविशारदांनी पाय गुडघ्यावरून काढला आणि बाहेर येऊन भीमाच्या थोरल्या भावाला एक वाक्य सांगितले: पट्टा केव्हा बांधला तेच कळलं नाही, त्यामुळे जोखीम घेता आली नाही, ही आयुर्वेदवाली मुलं गाड्यांवर ठेवतात, काय बोलणार. एवढेच. ते विसरलेही असतील. तो भाऊ कसा विसरणार?

कोणी पुसले हा प्रश्नच नव्हता. गाडीत मागे तिघेच होते: भीमा, ती स्वतः, आणि भीमाची आई द्वारकाबाई. खंगलेली, उंच, डोक्यावरचा पदर दातात धरून बसलेली बाई. ती मुलाच्या डोक्याशी बसली होती आणि करुणा त्याच्या हाताशी. करुणा शीर शोधत होती. रक्त गेलेल्या शरीराला नळीवाटे पाणी द्यायचे तर आत शिरायला वाट लागते, आणि रक्त जाऊ लागले की वाटाच मिटतात. एरवी त्या हातावरच्या शिरा डोळे मिटून सापडल्या असत्या. पोती उचलणाऱ्या माणसाच्या दोरखंडासारख्या शिरा. आता तिथे बोटाखाली काही नव्हते, ओल्या मातीत बोट बुडावे तसे बोट नुसतेच आत जात होते. कोपराशी पहिली सुई गेली आणि रिकामी आली. मनगटाशी दुसरी गेली, लागली, आणि शीर फुटून निळी गाठ उभी राहिली. गाडी खड्ड्यांतून उसळत होती. "म्याडम, हळू घेऊ का?" सावळारामने पुढून विचारले, आणि ती म्हणाली, "नको, हाण तू." तिला तिसरी जागा बघायची होती. आता, अकरा दिवसांनी, ताटाशी बसून भाकरीचा तुकडा मोडताना, तिला ती तिसरी जागा आठवली आणि तिने तुकडा परत ताटात ठेवला. जिला कोणाचीही शीर सापडते अशी तिची ख्याती होती. लहान बाळांना टोचायला बाकीचे तिलाच बोलावत. त्या ख्यातीने तिसऱ्या वेळी तिचा हात धरला होता. दोनदा हुकल्यावर हाडाकडे वळायचे, हे तिनेच नव्या मुलांना शिकवले होते. आणि तरी तिने तिसऱ्यांदा टोचून पाहिले. सगळी मिळून सहा मिनिटे गेली. या सहा मिनिटांबद्दल नोटिशीत चकार शब्द नव्हता. तिच्यावर जे काही आले होते त्यातले हे एकच खरे होते, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते.

हाडाकडे वळली ती वडिलांमुळे. कऱ्हाटी-सुप्याच्या त्या जिरायत पट्ट्यात ते, कचरू, गावोगावच्या विहिरी खांदत असत. पहार घेऊन आत उतरलेला माणूस. वरून दिसायची ती फक्त टोपी आणि दगडावर पडणाऱ्या पहारीचा ठोका. दुसऱ्यांच्या विहिरी. पाणी लागले की मालक नारळ फोडायचा, पेढे वाटायचा, आणि जुन्या काळी त्यांच्या वडिलांना तेच पाणी वरून ओंजळीत ओतले जायचे. छपन्न साली, दीक्षेनंतर, आजोबांनी ते ओंजळ धरणे सोडले. पहार सोडली नाही. लहानपणी एकदा वीस फुटांवर लागलेले पाणी चैतात आटले आणि मालक रडकुंडीला आला, तेव्हा काठावर बसलेल्या करुणासमोर वडील शांतपणे म्हणाले होते, "मातीतलं पानी पाव्हनं असतंय. ऊन लागलं की जातंय. खडकातलं घरचं. खडकात चला." गाडीच्या त्या हेलकाव्यात तिला हे आठवले असे म्हणणे खोटे होईल, आठवायला वेळ नव्हता. पण तिच्या हाताला आठवले. शीर घाबरते, मिटून घेते. हाड मिटत नाही. तिने भीमाच्या चांगल्या पायाची नडगी चाचपली, गुडघ्याखाली दोन बोटांवरची ती सपाट जागा पुसली, जाड सुई रोवली आणि मनगटाने पिळत दाबली. आधी नुसता विरोध. मग, एका क्षणी, आत काहीतरी कट् करून सुटले, खडक फुटून पहार पोकळीत जावी तसे. पाणी जाऊ लागले. तिने पिशवी दोन्ही तळव्यांत धरून पिळली, आणि गाडी वालचंदनगर मागे टाकेपर्यंत भीमाने डोळे उघडून डिझेलचे पुन्हा एकदा विचारले. हे ते विनाकारण पाडलेले छिद्र.

आणि सुई टोचायच्या जरा आधी द्वारकाबाईने तो प्रश्न विचारला होता. "बाय, तू कुनाची?" मुलगा मरतो आहे, हातांना रक्त आहे, आणि तरी तो प्रश्न. "कऱ्हाटीची," करुणा म्हणाली होती. "कऱ्हाटीच्या कुनाची?" "कचरू विहीरवाल्यांची." त्यावर ती बाई काही बोलली नव्हती. गाव सांगितले की वस्ती कळते, नाव सांगितले की उरलेले कळते. त्यानंतर करुणा त्या हाडावर वाकली, पाठ डोक्याकडे झाली, आणि त्या पाठीमागे केव्हातरी ते कपाळ घासले गेले. अकरा दिवस तिने दोन आणि दोन चार केले होते. माझ्या हाताने लिहिलेले म्हणून. मुलगा गेला तरी चालेल पण त्याच्या कपाळावर आमची शाई नको. हे तिने कोणाला बोलून दाखवले नव्हते, नवऱ्याला नाही, सावळारामला नाही. फक्त काल रात्री आईला सांगितले, आणि ताईबाई तांदूळ निवडता निवडता हसली होती. "कपाळाचं आमाला नको सांगू," ती म्हणाली. "तुझ्या पाचवीला शेजारची म्हातारी पाटा मांडायला आली. म्हनं, पाट्यावर कोरा कागद ठिवा, सटवाई येऊन पोरीचं नशीब लिव्हून जाईल. तुझ्या बापानं काय केलं ठावं हाय? त्याच पाट्यावर मिरच्या ठिवल्या अन् म्हनला, ठेचा वाट. माझ्या पोरीचं कपाळ कोरं राहू दे, तिचं ती लिव्हंल." मग हसू आवरून, ताट बाजूला सारून ती म्हणाली होती, "माफीचं लिव्हनार आसशील तर मला वाचून दाखवू नको."

खुलाशात एक वाक्य लिहिले की ती मोकळी होत होती. वेळ कपाळावर लिहिली होती. ती रुग्णाच्या आईने पुसली. वाक्य खरे होते, आणि ते लिहायला तिचे बोट शिवशिवत होते. छकुलीला शाळेच्या गाडीत बसवून तिने स्कूटी काढली. तांदूळवाडीतल्या घराहून कार्यालय दहा मिनिटांवर होते. ती रुग्णालयाच्या बाजूला वळली. का, ते तिला सांगता आले नसते. कदाचित त्या बाईच्या तोंडावर ते वाक्य आधी म्हणून बघायचे होते. द्वारकाबाई मागच्या बाजूच्या पायरीवर, कडुनिंबाच्या सावलीत, फडक्यात भाकरी सोडून बसली होती. करुणाला पाहून ती दचकली नाही. "आलीस व्हय," ती म्हणाली, जशी काही वाटच बघत होती. "बस."

करुणा उभीच राहिली. "कसा आहे भीमा?"

"बायकूसंगं भांडला सकाळी. म्हंजी बरा हाय." तिने भाकरीचा घास मोडला, पण खाल्ला नाही. "म्हनतो, आता चपलंच्या एका जोडात दोन वरसं निघत्याल. आसलं बोलतोय. सून रडती, त्यो हसतोय." मग आवाज खाली आणून, रुग्णालयाच्या दाराकडे एकवार पाहून ती म्हणाली, "एक इचारू का? रागावू नगंस. त्येच्या कपाळावर तू काय लिव्हलं व्हतंस?"

"वेळ. सात अडतीस."

"कशाची येळ?"

"रक्त थांबल्याची."

द्वारकाबाईने हातातला घास फडक्यावर ठेवला. घासावर एक मुंगी चढली, तिने ती झटकली नाही. "रगत थांबल्याची," ती म्हणाली. "आन् मला वाटलं, जायाची. डाक्टर लोकास्नी आदी कळतं म्हनत्यात. म्या बगितलं, ही बया घड्याळ बगती, आन् पोराच्या कपाळावर काळ्या शाईनं लिव्हती. सटवाईनं पाचवीला लिव्हल्यालं व्हतंच की त्येचं. त्येच्यावर तू आनखी लिव्हाय लागलीस. म्हनलं, ही येळ त्येला दाखवायची न्हाय. यमालाबी न्हाय. तुझी पाठ फिरली, तसा पदर थुकीनं भिजवला आन् घासलं. लई घासलं. कातडं गेलं पर घासलं. म्हनलं, पुसलं तर टळंल."

करुणा पायरीवर बसली. अकरा दिवस तिने दोन आणि दोन चार केले होते, आणि बेरीज चुकली होती. सुटका वाटली, लाजही वाटली; आणि त्याखाली जुना राग होता तसाच होता, कारण तो प्रश्न विचारला गेला होताच, त्यानंतरची ती चुप्पीही खरी होती, आणि एका भीतीने दुसरी गोष्ट धुऊन निघत नाही. तरीही तिच्या डोळ्यांपुढे ती बाई आली, थुंकीने ओला केलेला पदर मुठीत धरून, सगळ्या देवांनी आणि डॉक्टरांनी मिळून लिहिलेले एकटीने खोडू पाहणारी. पुसायला धाडस लागते. मिरच्या वाटायला जे लागले असेल त्याच जातीचे काहीतरी. हा विचार तिला आवडला नाही, पण तो गेला नाही.

"बाय," द्वारकाबाई म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. "ती येळ कपाळावर आसती, तर पाय वाचला आसता का?"

तर हाच तो प्रश्न होता. अकरा दिवस ही बाई याच प्रश्नाशेजारी झोपत आणि उठत होती. करुणाने घाई केली नाही. तिने ते रान डोळ्यांपुढे आणले, हळदीचा चिखल, कासरा, त्याखालचे पांढरे हाड. आणि डोळ्यांपुढे आलेल्याची खात्री पटल्यावरच ती बोलली. "नाही, मावशी. गुडघ्याखाली वाचवायला काही उरलंच नव्हतं. मी बघितलंय. मी पोचायच्या आधीच पाय गेला होता. पट्ट्यानं भीमा राहिला."

"खरं सांगतीस? का म्हातारीला बरं वाटावं म्हनून?"

"बरं वाटावं म्हणून मी कुणाला काही सांगत नाही."

द्वारकाबाईने पदराने डोळे नव्हे, तोंड पुसले. "थोरल्यानं अर्ज केलाय तुझ्या नावाचा. मला म्हायती हाय. म्या बोलले न्हाय. त्येला कळलं मीच पुसलं, तर त्यो भीमाला सांगंल, भीमा सुनंला… डाक्टरनं कायबी सांगू दे, त्येंच्या मनात ऱ्हाईलच की, आईनं पाय घालवला." ती पुढे काही मागत नव्हती. मागायची तिला सवय नसावी.

"सांगायचं तर तुमी सांगा," करुणा म्हणाली, आणि आपण कऱ्हाटीच्या बोलीत बोललो हे तिला नंतर कळले. "म्या न्हाय सांगनार."

ती उठली तेव्हा द्वारकाबाईने फडक्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्यापुढे धरली. वर शेंगदाण्याची चटणी. करुणाने त्या हाताकडे पाहिले, क्षणभर जास्तच पाहिले. मग तिने भाकरी घेतली आणि तिथेच, त्या बाईच्या समोर, उभ्याने, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

मुदत पाचची होती; ती कार्यालयात पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. विजयसिंहांनी तिच्यासाठी कोरा कागद आणि टाइप केलेल्या दोन ओळींचा नमुना दोन्ही तयार ठेवले होते. तिने नमुना उलटा ठेवला आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसली. पंख्याखाली कागद फडफडत होता. तिने त्यावर मार्कर आडवा ठेवला. लिहिताना तिला बरे वाटत नव्हते, शांतही वाटत नव्हते. फक्त हात स्थिर होता, सुई हाडात पिळताना असतो तसा. तिने वेळा लिहिल्या, एकाखाली एक. पट्टा बांधला, सात अडतीस; वेळ रुग्णाच्या कपाळावर तत्काळ लिहिली. रुग्णालयात देताना तोंडी दोन वेळा सांगितली. चांगल्या पायाच्या हाडातून पाणी दिले कारण हातांतून देता आले नाही. ते छिद्र विनाकारण नव्हते, रुग्ण जिवंत असण्याचे ते एक कारण आहे. मग ती थांबली. खिडकीबाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होते, लाथेमागून लाथ. ती पुढे लिहू लागली: हाताची शीर मिळवण्यासाठी मी तीन वेळा प्रयत्न केला. दोन प्रयत्नांनंतर हाडाचा मार्ग घ्यायला हवा होता. तिसरा प्रयत्न ही माझी चूक. एकूण सहा मिनिटे गेली.

विजयसिंह टेबलाच्या पलीकडून उलटे वाचत होते. "अहो, हे कुणी विचारलंय तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग? जे विचारलंय ते कबूल करत नाही, आणि जे विचारलं नाही ते लिहून देताय." त्यांनी कपाळाला हात लावला. "बरं. कपाळावर लिहिली म्हणता. मग गेली कुठं? कुणी पुसली?"

"ते माझ्या खुलाशात येत नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे?"

तिने लिहिलेल्या वेळांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. त्यांनी खुर्ची मागे सारली, उठून खिडकीशी गेले, परत आले. "मॅडम, यानं तुमचा बचाव होत नाही. मार्चमध्ये मी काय दाखवू? एक ओळ तरी माझ्यासाठी लिहा. यापुढे वेळ कागदावर नोंदवीन, एवढं लिहा. कपाळावर नको. लोकांना ते चालत नाही."

"कागद गाडीत राहतो, सर," ती म्हणाली. "माणूस आत जातो."

"मार्चनंतर गाडीच नसेल तुमच्याकडे."

"मार्च यायचाय." तिने मार्कर बाजूला केला. त्यांनी मागितलेली एक ओळ तिने लिहिली, स्वच्छ अक्षरात, प्रत्येक दोन शब्दांमध्ये पुरेशी जागा सोडून, दारातून घाईने आत आलेल्या कोणालाही एका नजरेत वाचता यावी अशी: यापुढेही वेळ मी रुग्णाच्या कपाळावरच लिहीन, मात्र लिहिण्यापूर्वी त्याच्या जवळच्या माणसाला ती कशाची वेळ आहे, हे मोठ्याने सांगेन. खाली सही केली. कागद त्यांच्याकडे सरकवता सरकवता तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, कागद पुन्हा आपल्याकडे ओढला, आणि सहीखाली लिहिले: चार बावन्न.